लिहून खेळायची आरपीजी: डिस्कॉर्डवर मराठीतून मोहीम कशी लावायची

लिहून खेळायच्या आरपीजी (प्रत्येकाने एक पात्र घेऊन एकत्र गोष्ट घडवायचा खेळ) मोहिमा बहुतेक वेळा एकाच कारणाने बंद पडतात: सगळे एकमेकांची वाट बघत बसतात. जीएमला (गेम मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा) वाटतं खेळाडूंनी लिहावं, खेळाडूंना वाटतं जीएमने पुढे न्यावं. चार दिवस कोणी काही टाकत नाही आणि पाचव्या दिवशी लिहायला संकोच वाटू लागतो. म्हणून पुढची प्रत्येक पायरी एकाच कसोटीवर घासून बघा: हिच्यामुळे कोणाची वाट बघायची वेळ कमी होते की वाढते?

प्रकार तसा जुना आहे. इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी १९७८ साली ‘मड’ हा निव्वळ मजकुराचा, अनेकांनी एकत्र खेळायचा खेळ उभा केला, तेव्हापासूनची ही वाट आहे. २०१५ साली आलेल्या डिस्कॉर्डवर आता असे खेळ भरपूर चालतात. पण ते गप्पांसाठी बनवलेलं साधन आहे, त्यामुळे त्याच्या काही खोडी आधीच माहीत असलेल्या बऱ्या.

नियम निवडताना फासे कोण टाकतो ते बघा

बहुतेकांच्या डोक्यात पहिलं नाव येतं ते डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती खेळायच्या प्रसिद्ध आरपीजीचं. त्याच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम, म्हणजे एसआरडी (संदर्भ नियमावली) ५.१, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘बाय ४.०’ परवान्याखाली खुले आहेत. श्रेयाची ओळ लिहिली की ते नियम मराठीत उतरवून आपल्या सर्व्हरवर (डिस्कॉर्डवर आपल्या गटासाठी उघडलेली जागा) ठेवायला कायदेशीर अडचण नाही. तरीही पहिल्या मोहिमेसाठी ते घेऊ नका. त्यात एका हल्ल्याला आधी लागला की नाही याचा फासा, मग इजेचा फासा, कधी समोरच्याच्या बचावाचा फासा. टेबलाभोवती हे अर्ध्या मिनिटात उरकतं. लिहून खेळताना प्रत्येक अदलाबदल म्हणजे अर्धा दिवस.

त्यापेक्षा २०१० च्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ या आरपीजीपासून रुळलेली दोन सहा-बाजूंच्या फाशांची पद्धत घ्या. फासे फक्त खेळाडू टाकतो, जीएम टाकतच नाही. दोन्ही फाशांची बेरीज आणि पात्राचा गुण (त्या कामातलं कौशल्य दाखवणारा आकडा) मिळून १० किंवा जास्त आले तर काम फत्ते. ७ ते ९ आले तर काम होतं, पण किंमत मोजावी लागते. ६ किंवा कमी आले तर जीएम परिस्थिती बिघडवतो. गुण शून्य असेल तर ३६ पैकी १५ वेळा बिघडतं, १५ वेळा किंमत मोजून काम होतं आणि फक्त ६ वेळा निर्भेळ यश. गुण +१ असेल तर हेच १०, १६ आणि १० होतं. मधला पट्टा रुंद आहे, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक फाशातून गोष्टीत काहीतरी बदलतं. ‘नेम चुकला, पुढचा कोण’ असली कोरडी पोस्ट लिहावीच लागत नाही.

माणसं किती, आणि आधी काय ठरवायचं

जीएम धरून पाच. चार खेळाडूंमधला एखादा गळाला तरी गाडा चालतो. सहा-सात घेतले तर दृश्याचे धागे जीएमच्या हातून सुटतात.

पहिल्या पोस्टच्या आधी चार गोष्टी लिखित ठरवा आणि पिन करा.

पहिली, वेग. ‘दिवसाला एक पोस्ट’ हा बहुतेक नोकरदारांना झेपणारा वेग आहे. ‘जमेल तसं’ हा वेगच नव्हे.

दुसरी, मुदतीची वेळ. परदेशातले मराठी खेळाडू असतील तर घड्याळ नीट जुळवा. पुण्यात रात्रीचे साडेनऊ म्हणजे लंडनमध्ये हिवाळ्यात दुपारचे चार, उन्हाळ्यात पाच. न्यू जर्सीत हिवाळ्यात सकाळचे अकरा, उन्हाळ्यात बारा. अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं, ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या. त्या मधल्या दोन-तीन आठवड्यांत हमखास गोंधळ होतो. डिस्कॉर्डच्या वेळ-खुणेने तो टळतो: कोनी कंसात रोमन छोटा ‘टी’, अपूर्णविराम आणि युनिक्स सेकंदांचा (१ जानेवारी १९७० पासून मोजलेल्या सेकंदांचा) आकडा लिहिला की प्रत्येकाला आपापल्या घड्याळातली वेळ दिसते. आकडा काढून देणारी संकेतस्थळं फुकट आहेत.

तिसरी, गैरहजेरी. ४८ तास पोस्ट आली नाही तर ते पात्र जीएम चालवणार. हे आधी ठरलेलं असलं की कोणाला राग येत नाही.

चौथी, मर्यादा. आरपीजी लेखक रॉन एडवर्ड्स यांनी मांडलेली रेषा आणि पडदा ही जोडी इथे उपयोगी पडते. रेषेपलीकडचे विषय खेळात येणारच नाहीत. पडद्याआडचे विषय घडतील, पण त्यांचं वर्णन होणार नाही. प्रत्येकाने आपली यादी जीएमला खाजगीत पाठवावी आणि जीएमने नाव न घेता एकत्र यादी लावावी. लिहिलेल्या खेळात हे जास्तच गरजेचं आहे. समोरासमोर बसलं की चेहरा उतरलेला दिसतो, इथे तो दिसत नाही.

सर्व्हरची मांडणी

नवा जीएम उत्साहात पंचवीस चॅनल (सर्व्हरमधले वेगवेगळे कप्पे) उघडतो आणि पंचविसांपैकी वीस ओस पडतात. सुरुवातीला सहा पुरतात: नियम, पात्रं, चालू दृश्य, फासे, कट्टा आणि शंका. ‘नियम’मध्ये फक्त जीएमला लिहिता यावं. ‘कट्टा’ हा खेळाबाहेरच्या गप्पांचा. तो नसला तर गप्पा दृश्यात शिरतात आणि दोन पोस्टच्या मध्ये क्रिकेटचा स्कोअर येऊन बसतो.

त्याशिवाय प्रत्येक खेळाडूसाठी एक खाजगी चॅनल ठेवा, जे फक्त त्याला आणि जीएमला दिसेल. चॅनलच्या परवानग्यांत ‘एव्हरीवन’साठी (म्हणजे सगळ्यांसाठी) चॅनल दिसण्याची परवानगी बंद करायची आणि त्या एका खेळाडूला सुरू करून द्यायची. पात्राची गुपितं तिथे. थेट मेसेजवर गुपितं ठरवू नका. उद्या सहायक जीएम आला तर त्याला ती दिसणार नाहीत आणि तीन महिन्यांनी तुम्हालाही सापडणार नाहीत.

दृश्यांसाठी थ्रेड (चॅनलमधून फुटणारी छोटी उपचर्चा) वापरायचा मोह होतो, पण त्यात एक खोच आहे. ठरावीक काळ कोणी लिहिलं नाही की थ्रेड आपोआप अर्काइव्ह होतो. ही मुदत एक तास, एक दिवस, तीन दिवस किंवा जास्तीत जास्त सात दिवस ठेवता येते. मजकूर पुसला जात नाही, पण डावीकडच्या यादीतून थ्रेड दिसेनासा होतो आणि जे दिसत नाही त्यात कोणी लिहीत नाही. दिवाळीच्या आठवड्यात सगळे गावी गेले की परत येईपर्यंत दृश्य नजरेआड झालेलं असतं. म्हणून चालू दृश्य नेहमी पूर्ण चॅनलमध्ये ठेवा. थ्रेड फक्त उपकथेसाठी, आणि मुदत सात दिवसांची.

‘एव्हरीवन’ला हाक मारण्याची परवानगी जीएमसोडून सगळ्यांची काढून घ्या. तिचा वापर वाढला की लोक सर्व्हरच म्यूट करतात, आणि म्यूट केलेला सर्व्हर म्हणजे हातचा गेलेला खेळाडू. एका विश्वासू खेळाडूला ॲडमिनचा रोल द्या (त्याला खाजगी चॅनलही दिसतील, हे धरून) आणि स्वतःच्या खात्याला दुहेरी पडताळणी लावा. मालकी फक्त मालकालाच दुसऱ्याच्या नावे करता येते. ते खातं गेलं तर सर्व्हर अडकतो.

फासे: कोणी, कुठे, कधी

फाशांचा बॉट (आज्ञा दिली की आपोआप काम करणारा प्रोग्रॅम) एकच ठेवा. कोणताही निवडा, पण त्याला मोजक्या परवानग्या द्या. फासे टाकायला कुठल्याच बॉटला ॲडमिन व्हावं लागत नाही. बॉटची आज्ञा रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत लिहायची. कीबोर्ड मराठीवर राहिला की आज्ञा बॉटला कळत नाही आणि बॉट बिघडला असं वाटतं.

फासे वेगळ्या चॅनलमध्ये टाकावेत आणि निकाल दृश्यातल्या पोस्टखाली लिहावा. खेळाडूने हाताने लिहिलेला आकडा धरायचा नाही. यात अविश्वासाचा प्रश्न नाही. डिस्कॉर्डवर मेसेज बदलला तर ‘एडिटेड’ एवढंच दिसतं, आधी काय होतं ते दिसत नाही. आणि स्वतःचा मेसेज पुसला तर खूणही उरत नाही. बॉटचा निकाल खेळाडूला बदलता येत नाही, त्यामुळे वादाला जागाच राहत नाही.

फासा कशासाठी आहे ते आधी लिहा, मग टाका. आधी टाकून मग कारण सांगितलं तर एक वाईट फासा ‘तो वेगळ्यासाठी होता’ म्हणून सोडून दिला जातो. आणि एक परवानगी खेळाडूंना देऊनच ठेवा: फासा लागेल असं स्पष्ट दिसत असेल तर जीएमने सांगण्याची वाट न बघता टाकायचा. या एका सवयीने दर दृश्यामागे दोन-तीन दिवस वाचतात.

पोस्ट कशी लिहायची

‘मी सावधपणे चौकीत जातो.’ नवा खेळाडू असं लिहितो. जीएमला विचारावं लागतं: कोणत्या दाराने? हातात काय आहे? आत कोणी दिसलं तर काय करणार? तीन प्रश्न, तीन दिवस. आता हीच कृती अशी लिहून बघा:

*सगुणा कंदिलाची वात खाली करते आणि मागच्या दाराने चौकीत शिरते. उजव्या हातात कोयता, पण पदराआड. “धर्माजी, आहात का आत?” ती दबक्या आवाजात विचारते. आत कोणी अनोळखी दिसलं तर ती उंबऱ्यावरूनच मागे फिरेल. कोणीच नसेल तर थेट जकातीच्या वहीकडे जाईल.*
*((चोरपावलांसाठी २डी६+१ = ९))*

यात कृती आहे, साधन आहे, समोरच्याला उत्तर देता येईल असं एक वाक्य आहे, आणि ‘असं झालं तर हे, तसं झालं तर ते’ हेही आहे. जीएमला काहीच विचारावं लागत नाही. ‘२डी६+१’ म्हणजे दोन सहा-बाजूंचे फासे अधिक गुण १. बेरीज ९, म्हणजे काम झालं पण किंमत आहे. उत्तर असं येऊ शकतं:

*वही सापडते. पण ती उचलताना कंदिलाची काच खुंटीला लागून किणकिणते आणि वर माडीवर कोणीतरी कूस बदलतं. फळी करकरते. सगुणा, वही हातात आहे, दार चार पावलांवर आहे. बाहेर थांबलेल्या भिकाला माडीच्या खिडकीत उजेड दिसतो.*

जीएमच्या पोस्टचं काम तीन गोष्टींचं: निकाल सांगणं, परिस्थिती बदलणं आणि प्रत्येक खेळाडूच्या हातात काहीतरी देणं. बाहेर थांबलेल्या भिकाला उजेड दिसला नसता तर भिकाचा खेळाडू आणखी एक दिवस गप्प बसला असता. दृश्यात जो आहे त्याचं नाव तुमच्या पोस्टमध्ये यायलाच हवं.

खेळाबाहेरचं बोलणं दुहेरी कंसात. संवाद अवतरणात, बाकी सगळं साधं. इंग्रजी खेळांत कृती तारकांच्या मध्ये लिहून तिरकी करतात. वर उदाहरणं वेगळी दिसावीत म्हणून तिरकी छापली आहेत, पण फोनच्या पडद्यावर तिरकं देवनागरी वाचायला त्रास होतो, दृश्यात ते टाळाच. ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह आणि मोकळी जागा आली तर ती ओळ मोठ्ठं शीर्षक होते, हेही लक्षात असू द्या.

लांबीची गोष्ट जरा तपशिलात. साध्या खात्याला एका मेसेजमध्ये २००० कॅरेक्टर मिळतात. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त प्रत्येकी वेगळं मोजलं जातं. ‘स्त्री’ डोळ्याला एकच अक्षर दिसतं, पण मोजणीत ते सहा भरतं: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. त्यामुळे मराठीत साधारण अडीचशे-तीनशे शब्दांवर गाडी अडते. त्याहून लांब मजकूर संगणकावर चिकटवला तर डिस्कॉर्ड तो फाइल करून पाठवायला सुचवतं. तसं करू नका, फोनवर फाइल उघडून कोणी वाचत नाही. दोन मेसेज करा आणि पहिल्याच्या शेवटी ‘पुढे चालू’ लिहा, नाहीतर मध्येच दुसरा कोणी लिहून मोकळा होतो. खेळाडूची पोस्ट ६० ते १२० शब्दांची पुरे. आणि संगणकावर एंटर दाबलं की मेसेज जातो, नव्या ओळीसाठी शिफ्ट धरून एंटर दाबायचं असतं. लांब पोस्ट आधी नोट्समध्ये लिहून मग चिकटवलेली बरी.

आता मराठीचं खास. आपली क्रियापदं लिंग सांगतात. पुरुष खेळाडू स्त्री पात्र खेळत असेल आणि प्रथमपुरुषात लिहीत असेल, तर घाईत ‘मी दार उघडतो’ असं जातं आणि सगुणा क्षणात नाहीशी होते. त्यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे सगळ्यांनी तृतीयपुरुषी वर्तमानात लिहायचं: ‘सगुणा दार उघडते’. पात्र कोण आणि खेळाडू कोण हा घोटाळाही त्याने मिटतो. दुसरा, प्रथमपुरुषच हवा असेल तर भूतकाळ: ‘मी दार उघडलं’. इथे क्रियापद दाराप्रमाणे चालतं, बोलणाऱ्याप्रमाणे नाही. पण ‘मी गेलो, मी गेले’ तिथे पुन्हा प्रश्न येतोच. म्हणून पहिला उपाय चांगला. मात्र ‘तो’ आणि ‘त्याने’ जपून वापरा. दृश्यात तीन पुरुष असले की ‘त्याने त्याचा हात धरला’ यातून काही कळत नाही. सरळ नाव लिहा, पुनरुक्ती झाली तरी चालेल.

तसंच ‘तू’ आणि ‘तुम्ही’. कोण कोणाला अरे-तुरे करतं, कोण अहो-जाहो, याचा छोटा तक्ता पात्रांच्या चॅनलमध्ये लावा. भिका धर्माजींना तीन महिने ‘तुम्ही’ म्हणतो आणि एका रात्री ‘तू’ म्हणतो, तेव्हा गोष्टीत मोठं काहीतरी घडलेलं असतं. ते चुकून घडलं तर वाचणारा भलताच अर्थ काढतो, आणि खरंच घडवायचं तेव्हा त्याची धार गेलेली असते. मराठीत खेळण्याचं हे मोठं सुख आहे, ते वाया घालवू नका.

लढाई: क्रम सोडा, फेरी धरा

टेबलावर एकामागून एक डाव येतात. लिहून खेळताना तोच क्रम ठेवला तर चार खेळाडू आणि जीएम, प्रत्येकी दिवसाला एक पोस्ट या हिशेबाने एक फेरी पाच दिवस खाऊ शकते. चार फेऱ्यांची चकमक वीस दिवस. तेवढ्यात लढाई कशासाठी सुरू झाली ते कोणाला आठवत नाही.

म्हणून फेरी एकत्र खेळा. सकाळी जीएम लिहितो की शत्रू काय करायच्या बेतात आहे. रात्री साडेनऊपर्यंत चौघेही कोणत्याही क्रमाने कृती आणि फासे टाकतात. त्यानंतर जीएम सगळं एकत्र गुंफून निकाल लिहितो. दिवसाला एक फेरी, चार दिवसांत लढाई संपली. दोघांच्या कृती एकमेकींना छेदत असतील तर आधी आलेली पोस्ट आधी घडली असं धरा. आणि हरणारा शत्रू शेवटच्या श्वासापर्यंत लढवू नका. निकाल दिसू लागला की तो पळतो, शरण येतो किंवा सौदा करतो.

पात्राच्या नावाने बोलणारा बॉट

टुपरबॉक्ससारख्या बॉटने पात्राचं नाव आणि चित्र लावून पोस्ट टाकता येते. दिसायला फार छान, आणि दृश्याची रंगत वाढतेच. पण काय होतं ते समजून घ्या. तुम्ही ठरलेल्या खुणेने मेसेज लिहिता, बॉट तो पुसतो आणि तोच मजकूर वेबहुकने (वेगळ्या नावाने मेसेज टाकू देणारी सोय) नव्याने टाकतो. त्यासाठी बॉटला मेसेज आणि वेबहुक हाताळण्याची परवानगी द्यावी लागते.

यातून तीन गैरसोयी निघतात. ती पोस्ट आता तुमच्या खात्याची राहत नाही, त्यामुळे नेहमीसारखी बदलता येत नाही, बॉटचीच आज्ञा वापरावी लागते. शोधात खेळाडूचं नाव टाकून ती सापडत नाही. आणि सगळ्यात त्रासाची गोष्ट, त्या पोस्टला रिप्लाय दिला तर खेळाडूला सूचनाच जात नाही. समोरच्याला वाटतं कळलं असेल, आणि दोघेही वाट बघत बसतात. उपाय साधा: सगुणाला उत्तर लिहिलं की खाली दुहेरी कंसात तिच्या खेळाडूला नावाने टॅग करा.

कोणी गायब झालं तर

४८ तासांनंतर जीएमने पात्र चालवायचं, पण फक्त सावध कृती करायच्या: मागे राहणं, इतरांना मदत करणं. त्या काळात पात्राला मारायचं नाही आणि त्याच्या नावाने मोठा निर्णय घ्यायचा नाही. आठवडा झाला की खाजगीत एक ओळ पाठवा: ‘सगुणाला निरोपाला धाडतोय, आलात की दृश्यात परत घेतो.’ ‘का लिहीत नाही’ हे विचारू नका. परतायची वाट सोपी ठेवली तर पुष्कळ माणसं परततात. परतणाऱ्यासाठी ‘नियम’ चॅनलमध्ये पाच ओळींचा ‘आतापर्यंत’ ठेवा आणि तो दर रविवारी बदला. दीडशे पोस्ट मागे जाऊन वाचणं कोणालाच जमत नाही.

दृश्य संपलं की लगेच

दहा-बारा दिवसांत एक दृश्य, सहा दृश्यांची पहिली मोहीम, म्हणजे साधारण सव्वादोन महिने. संपलेल्या दृश्याला क्रमांक द्या आणि तो क्रमांक पहिल्या पोस्टमध्ये लिहा. शोधपेटीला विभक्ती कळेल असं धरून चालू नका. ‘वाडा’ शोधलं तर ‘वाड्यातला’ हाती लागेलच असं नाही, ‘दृश्य ०४’ मात्र लागतं.

मजकूर त्याच दिवशी गूगल डॉक्ससारख्या ठिकाणी उतरवून घ्या. डिस्कॉर्डकडून स्वतःचा डेटा मागवता येतो, पण त्यात फक्त तुमचे मेसेज येतात, बाकी चौघांचे नाहीत. नकाशे आणि पात्रांची चित्रं उतरवताना लिंक कॉपी करू नका. डिस्कॉर्डवरच्या फाइलींच्या लिंक बाहेर नेल्यावर साधारण दिवसभरात निकामी होतात आणि डॉक्समध्ये रिकामी चौकट उरते. चित्र डाउनलोड करा, फाइलच्या नावात दृश्याचा क्रमांक टाका आणि मगच मजकुरात बसवा.